आल्डरमिअरचे सात ग्रह

१

वही नाहीशी झाली होती आणि कपाटाचं कुलूप मात्र जसंच्या तसं होतं.

थिओडोरा लँगफर्डने फळीखालच्या चोरकप्प्यात पुन्हा एकदा हात घालून कोपरान्‌कोपरा चाचपडला. हाताला धूळसुद्धा लागली नाही. लागणार कुठून? काल संध्याकाळी तिनेच तो कप्पा पुसून लख्ख केला होता. सेंट ऑल्विन्स कॉलेजच्या ग्रंथालयात तिची बत्तीस वर्षं गेली होती. उंदरांनी कुरतडलेली पुस्तकं तिने पाहिली होती, मुरांबा सांडलेली पाहिली होती, एकदा तर खुणेसाठी बोंबलासारखा वाळवलेला मासा घातलेलंही पाहिलं होतं. पण चोरी? छे! ऑक्सफर्डचे प्राध्यापक एकमेकांचं नाव चोरतील, वही नाही, असं ती आजवर छातीठोकपणे सांगत आली होती.

"थिओ, अगं बोल ना काहीतरी!" मागून विनिफ्रेडचा आवाज आला. "आहे ना? खाली सरकली असेल. म्हण ना, आहे म्हणून!"

"नाहीये विनी."

डॉ. विनिफ्रेड ऑस्टेल मटकन खुर्चीत बसली. अडुसष्ट वर्षांची, उंच, केसांत पेन्सिल खोचून ती दिवसभर शोधत फिरणारी बाई. सव्वीस वर्षं तिने एकच गोष्ट लावून धरली होती. याच कॉलेजात शिकवणारे प्रोफेसर ऑगस्टिन केंबर यांनी मुलांसाठी आल्डरमिअर नावाच्या देशाच्या सात गोष्टी लिहिल्या. बोलणारी घुबडं, बुडालेली गावं, बर्फाची घड्याळं, सगळा मामला. इंग्लंडातली अर्धी पोरं त्यांवर वाढली. विनिफ्रेडचं म्हणणं असं, की त्या सात गोष्टी सात ग्रहांच्या आहेत. जुन्या लोकांचं आकाश म्हणजे पृथ्वीभोवती एकात एक बसवलेली सात कवचं: चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी. केंबरने एकेक पुस्तक एकेका ग्रहाच्या रंगात बुडवून काढलं आणि कुणाला कळू दिलं नाही. विद्वान मंडळी तिला हसली. पाठीमागे 'ज्योतिषीणबाई' म्हणू लागली, मग तोंडावरही.

आणि गेल्या आठवड्यात कॉलेजच्या माळ्यावर, जुन्या उत्तरपत्रिकांच्या ट्रंकेत, केंबरची वही सापडली. त्याच्याच अक्षरात सात पुस्तकं आणि सात ग्रह.

"चार वाजता व्याख्यान आहे," विनिफ्रेड म्हणाली. "सगळ्या गावाला सांगून बसलेय, पुरावा दाखवते म्हणून. वही माझ्याशिवाय कुणी उघडून पाहिलेली नाही, तूसुद्धा नाही. रिकाम्या हाताने उभी राहिले, तर लोक म्हणतील म्हातारीने बनाव रचला. सव्वीस वर्षं गेली गं चुलीत!"

थिओडोराचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ती कपाटाकडे बघत होती. कप्पा उघडण्यासाठी काढलेली सातही पुस्तकं तिने सापडली तशीच वरच्या फळीवर परत लावली होती, पहिल्या आवृत्तीची. चोरकप्पा त्या फळीखाली, म्हणजे वही काढायला चोरालाही आधी सातही पुस्तकं बाहेर काढायला हवीत. चोराने ती काढली होती आणि परत लावून ठेवली होती.

"विनी," ती हळूच म्हणाली, "पुस्तकांचा क्रम बदललाय."

२

पुस्तकांखाली फळीवर, प्रदर्शन मांडणाऱ्या तरुण अध्यापिका मोरवेना ट्रेगिअरने केलेल्या चिठ्ठ्या होत्या: एक, दोन, तीन, छापल्याच्या सालाप्रमाणे. त्या चिठ्ठ्यांवर भलतीच पुस्तकं उभी होती. पहिल्या क्रमांकाच्या जागी पाचवं, शेवटच्या जागी चौथं.

"घाईत कशीही कोंबली असतील," थिओडोरा म्हणाली.

विनिफ्रेड उठली. चष्मा पुसला. डावीकडून उजवीकडे बोट फिरवत गेली, मग पुन्हा एकदा, आणि तिने थिओडोराचा दंड इतक्या जोरात धरला की तिला कळ आली.

"कशीही नाहीत! अगं, हे आकाश आहे! 'तळ्याखालचं गाव', चंद्र. मग बुध. मग शुक्र... सूर्य, मंगळ, गुरू, आणि शेवटी 'बर्फाचं घड्याळ', शनी!"

"म्हणजे तुझं पुस्तक वाचलेला कुणीतरी."

"तिथेच तर गंमत आहे!" विनिफ्रेड आता अक्षरशः नाचत होती. चोरी तिची, आणि आनंदही तिलाच. "माझ्या पुस्तकात दोन चुकलेत. 'पाहुण्यांचा डोंगर' मी शुक्राचं म्हटलं, का तर त्यात लग्न आहे. आणि 'राणीची बाग' गुरूचं, का तर त्यात सिंहासन. साफ उलटं! दाताच्या डॉक्टरकडे बसले होते फेब्रुवारीत, दाढ ठणकतेय आणि डोक्यात एकदम उजेड. डोंगरावरच्या मेजवानीची सगळी ताटं कथलाची आहेत. जुन्या विद्येत प्रत्येक ग्रहाचा एक धातू, आणि कथील गुरूचं! आणि राणीच्या घरात चहाच्या किटलीपासून बिजागरीपर्यंत सगळं तांब्याचं, म्हणजे शुक्राचं. मी आपली प्रेम बघत बसले, भांडी बघितलीच नाहीत."

"आणि इथे?"

"इथे बरोबर लावलंय. सातही! वहीतही तसंच आहे. थिओ, हे खरं उत्तर मला माहीत, लंडनच्या माझ्या प्रकाशकाला माहीत, आणि त्या वहीला. बस्स."

"म्हणजे चोराने वही वाचली," थिओडोरा म्हणाली, "आणि ती त्याला पटली."

काल संध्याकाळी शेरी पिता पिता विनिफ्रेडने चोरकप्प्याची बढाई मारली, तेव्हा त्या दोघींखेरीज हजर होते फक्त तिघं. कपाटाची किल्ली वायुभारमापकाच्या मागे टांगलेली असते, हे तर कॉलेजच्या मांजरालाही ठाऊक होतं.

३

प्रोफेसर लायनेल गार्थवेट आपल्या खोलीत करपलेला टोस्ट खरवडत होते. विनिफ्रेडला ज्योतिषीणबाई म्हणणारे पहिले गृहस्थ हेच. जुनी आकाशविद्या हा त्यांचा स्वतःचा विषय, आणि त्यात ही बाई पोरांच्या गोष्टी घेऊन घुसली याचा राग त्यांनी सव्वीस वर्षं मोठ्या प्रेमाने सांभाळला होता.

"वही गेली? अरेरे," ते म्हणाले. चेहऱ्यावर अरेरे अजिबात नव्हतं. "ग्रहमान फिरलं असेल बाईंचं."

"सकाळी साडेसहाला तुम्ही ग्रंथालयाच्या दाराशी होतात. माळ्याने पाहिलंय."

चाकू टोस्टवरच थांबला.

"चष्मा विसरलो होतो."

"तो तर तुमच्या नाकावर आहे. काल रात्री जेवतानाही होता."

गार्थवेट लाल झाले. मग एकदम वयस्कर दिसू लागले. "बरं, ऐका. वही बघायची होती मला. नुसती बघायची. सव्वीस वर्षं मी हसतोय, आणि ती म्हणते पुरावा आहे. झोप लागेना! दारापर्यंत गेलो आणि लाज वाटली. माघारी आलो. आता ठेवा विश्वास नाहीतर नका ठेवू."

थिओडोराने अजून काही ठेवला नाही.

मोरवेना ट्रेगिअर ही कॉलेजातली सगळ्यात तरुण अध्यापिका. केंबरवर तीही पुस्तक लिहीत होती, आणि त्यात ग्रहांना एक ओळ नव्हती.

"माझ्यावर संशय असणार, कल्पना आहे मला," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "वही खरी निघाली तर माझी चार वर्षं पाण्यात. पण मिस लँगफर्ड, त्या चिठ्ठ्या मी तीनदा लिहिल्यात, शाई फुटली म्हणून. माझ्या चिठ्ठीवर भलतं पुस्तक मी मेले तरी ठेवणार नाही. चोरी एकवेळ करेन!"

हे मात्र थिओडोराला पटलं. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या माणसांची जात तिला आतून ठाऊक होती.

तिसरे रेव्हरंड क्लेमंट केंबर, लेखकाचे पुतणे. गावाबाहेरच्या लहानशा चर्चचे पाद्री, चोपन्न वर्षांचे, मऊ आवाजाचे. कपाटातली सातही पुस्तकं त्यांचीच, काकांनी त्यांना सही करून दिलेली. प्रदर्शनासाठी मागितल्यावर त्यांनी ती निमूट आणून दिली होती. पाहुण्यांच्या खोलीत ते बूट पुसत बसले होते.

"माझे काका देवभोळे होते हो," ते म्हणाले. "त्यांना लोकांनी ज्योतिषी म्हणावं, हे मला आवडत नाही. पण वही घेण्याचं म्हणाल, तर..." आणि त्यांनी बुटाची नाडी घट्ट ओढली. "ऑस्टेलबाईंचं वाईट वाटतं. सव्वीस वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या होत्या विचारायला. मी म्हटलं, काकांनी गोष्टी लिहिल्या, त्या वाचा."

"तुम्हाला कुठला क्रम योग्य वाटतो, पाद्रीसाहेब? पुस्तकांचा?"

"मुलांना आवडेल तो," ते हसून म्हणाले.

खाली अंगणात विनिफ्रेडचा आवाज चढला होता. ती आणि गार्थवेट समोरासमोर उभे होते, आणि कॉलेजच्या निम्म्या खिडक्या उघडल्या होत्या.

४

"तुम्हीच!" विनिफ्रेड ओरडत होती. "आकाशाचा क्रम हाताच्या बोटांवर असलेला दुसरा आहे कोण इथे? वही वाचलीत, पटली, आणि हातांनी चुगली केली तुमच्या!"

"बाई, मी चोर असेन, गाढव नाही!" गार्थवेटही पेटले. "चोरी करून तुमचा सिद्धांत कपाटात मांडून ठेवीन? वर काच लावून?"

थिओडोरा जिन्यातच थबकली. म्हातारा बरोबर बोलत होता.

चोर घाईत असतो. अंधुक उजेडात, कान टवकारून, वहीतली यादी लावत एकेक पुस्तक कोण हुडकत बसेल? घाईत माणूस विचार करत नाही, हाताला येईल तसं करतो. पण 'हाताला येईल तसं' म्हणजे तरी काय? तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात वीज गेली तरी चहाचा डबा डावीकडे, साखर उजवीकडे, हे तिच्या हातांना पाठ होतं. डोक्याला विचारायची गरजच नव्हती.

म्हणजे चोराला हा क्रम वहीने शिकवलाच नव्हता. तो त्याच्या हातांत आधीपासून होता!

ती धावत सुटली. साठीची बाई ग्रंथालयात धावतेय, हे पाहून मोरवेनाने आ वासला. थिओडोराने मेजाचा खण ओढून पुस्तकं दाखल करून घेतानाची नोंद काढली. उसनं आलेलं प्रत्येक पुस्तक ती वरून खालून तपासून लिहून ठेवायची, ओरखडा दिसला तरी. नोंद अशी होती: 'सातही पुस्तकांच्या तळाशी तपकिरी डाग. काहींना बोटभर, काहींना केसाइतका. बहुधा कोको.'

"मोरवेना, इकडे ये. ही सात पुस्तकं मेजावर मांड, छापल्याच्या क्रमाने. आता डाग बघ."

"वर, खाली, परत वर. काहीच लागत नाही एकाला एक."

"आता सकाळी होती तशी मांड."

मोरवेनाने मांडली, आणि तिच्या तोंडून नुसती शीळ निघाली. 'तळ्याखालचं गाव' बोटभर भिजलेलं, दुसरं जरा कमी, तिसरं त्याहून कमी. सातव्यापर्यंत डाग एका सरळ उतरत्या रेघेत आला होता, कुठे खंड नाही. कधीतरी, फार पूर्वी, एका फळीच्या डाव्या टोकाला कोको सांडला होता आणि पुस्तकांखालून उजवीकडे झिरपत गेला होता. पुस्तकं त्या वेळी याच क्रमाने उभी होती.

"अरे देवा," मोरवेना पुटपुटली. "म्हणजे हा क्रम त्या वहीपेक्षा..." मग तिचा चेहरा पडला. "म्हणजे ऑस्टेलबाई खऱ्या आहेत. माझी चार वर्षं गेली की हो!"

घड्याळात सव्वातीन झाले होते. पाहुण्यांच्या खोलीत कुणी नव्हतं. पलंगावरची बॅगही नव्हती.

५

पाद्रीसाहेब बागेच्या मागच्या दाराशी सापडले, एका हातात बॅग आणि दुसरा हात कडीवर. विनिफ्रेड धापा टाकत मागून येत होती. थिओडोराने चोरीचं नावही काढलं नाही. तिने फक्त विचारलं, "कोको कुणी सांडला होता?"

कडीवरचा हात खाली आला.

"मी," ते म्हणाले. "नऊ वर्षांचा होतो. आईने बेदम मारलं. काकांनी मारलं नाही, नुसती पुस्तकं पुसली आणि होती तशी परत लावली." ते बाकावर बसले. "पंचेचाळीस वर्षं माझ्या घरी तशीच उभी आहेत. काल रात्री काढली, आणि... लावताना लक्षातसुद्धा आलं नाही मला. आत्ता कळतंय."

"तुम्हाला माहीत होतं?" विनिफ्रेडचा आवाज चिरकला. "सगळं माहीत होतं? मी तुमच्या दारात येऊन बसले होते, तुमचा तो कडक केक खाल्ला मी, आणि तुम्ही मला..."

"काकांनी स्वतः लावली होती फळीवर. म्हणाले, क्लेम, हाच खरा क्रम. का, ते तूच शोधायचं. मला दोन वर्षं लागली. सापडलं तेव्हा रात्रभर नाचलो मी! धावत गेलो त्यांच्याकडे. ते म्हणाले, हो. तेवढंच. मग वचन घेतलं माझ्याकडून. सांगितलं तर तो धडा होतो, आणि सापडलं तर सण. म्हणून कुणाला सांगायचं नाही. सातही ज्याला स्वतःहून सापडतील, त्यालाच फक्त हो म्हणायचं." त्यांनी विनिफ्रेडकडे पाहिलं. "तुम्हाला पाच सापडले होते बाई. मी वाट बघत होतो हो! प्रत्येक नवी आवृत्ती आली की आधी ती दोन पानं उघडून बघायचो. आणि मग ही वही निघाली. आता तुम्ही उत्तर बघून सातही सांगणार, जगातल्या सगळ्या पोरांना. मला नाही बघवलं. जाळणार होतो, पण अक्षर त्यांचं. हात होईना."

विनिफ्रेडने पर्समध्ये हात घातला. रुमाल, पेन्सिली, अर्धा बिस्किटाचा पुडा बाकावर ओतला आणि त्यातून एक चुरगळलेलं पत्र काढून त्यांच्या हातात कोंबलं.

"वाचा! माझ्या प्रकाशकाचं आहे. तारीख मोठ्याने वाचा."

"एकवीस फेब्रुवारी," पाद्रीसाहेबांनी वाचलं. "'आपली दुरुस्ती मिळाली. डोंगर गुरूचा, बाग शुक्राची, हा बदल नव्या आवृत्तीच्या शुद्धिपत्रात...'" ते थांबले. ओठ हलत राहिले. "आणि वही?"

"जूनमध्ये सापडली. गेल्या आठवड्यात. मी बघून नाही लिहिलं, पाद्रीसाहेब. मला सापडलं होतं."

क्लेमंट केंबर उठून उभे राहिले. डोळे भरून आले होते आणि चेहरा एखाद्या अकरा वर्षांच्या पोरासारखा उजळला होता.

"हो," ते म्हणाले. "ऑस्टेलबाई, हो! सातही!"

विनिफ्रेड हसली, रडली, आणि तिने त्या गरीब माणसाला असं कवटाळलं की त्याची टोपी गवतावर पडली. थिओडोराने ती उचलली आणि झटकत राहिली, कारण तिलाही दुसरीकडे कुठे बघावं कळेना.

मग विनिफ्रेड एकदम मागे सरली.

"पण तुमच्या वचनाचं काय?" ती म्हणाली. "आज मी सगळं सांगितलं, तर यापुढे कुठल्याच पोराला सापडायचं नाही."

पाद्रीसाहेबांनी कोटातून वही काढली आणि तिच्यापुढे धरली. "तुमचा हक्क आहे. माझं काम झालं."

पावणेचारचे टोले पडले. विनिफ्रेडने वहीवरून एकदा हात फिरवला आणि ती थिओडोराकडे दिली. "ठेव कुठेतरी आत. पन्नास वर्षं उघडू नका म्हणून शिक्का मार. आणि प्रकाशकाला तार कर, शुद्धिपत्र रद्द."

"अगं, पण मग तुझ्या पुस्तकात त्या दोन चुका तशाच राहतील!" थिओडोरा ओरडली. "जन्मभर! गार्थवेट तुला सोडेल का?"

"राहू देत," विनिफ्रेड म्हणाली, पण म्हणताना तिने ओठ असा चावला की थिओडोराला कळलं, या बाईने याहून महाग काही कधीच दिलं नव्हतं.

६

सभागृह खच्चून भरलं होतं. विनिफ्रेड रिकाम्या हाताने व्यासपीठावर चढली तसे गार्थवेट पहिल्या रांगेतून उठले.

"पुरावा कुठे आहे, डॉक्टर ऑस्टेल? केंबरने स्वतः हे कबूल केल्याचा एक तरी साक्षीदार?"

"मी आहे," मागून मऊ आवाज आला. "मी त्यांना विचारलं होतं, आणि ते हो म्हणाले होते."

मग कपाटातली सात पुस्तकं पुढे आणून मेजावर मांडली गेली, आणि कोकोचा तो उतरता डाग पाहायला लोक एकमेकांच्या अंगावर चढले. हातचलाखी केली असं कुणी म्हणू नये म्हणून मांडताना विनिफ्रेडने पाठ फिरवलेली होती. तिसरं आणि सहावं पुस्तक कुठलं, हे थिओडोराने कागद गुंडाळून झाकून टाकलं होतं. गार्थवेट किती तरी वेळ डागांवर वाकून उभे होते. मग ते सरळ झाले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विनिफ्रेडला नावाने हाक मारली. "विनिफ्रेड, झाकलेल्यांत तू काहीतरी घोळ घातलायस. मी शोधून काढीन!" त्यांचा आवाज उत्साहाने थरथरत होता.

सप्टेंबरात ग्रंथालयाच्या पत्त्यावर एक पाकीट आलं, लीड्सहून. आत वहीचं फाडलेलं पान आणि त्यावर मोठी, खाली घसरत गेलेली अक्षरं.

'प्रिय डॉक्टर ऑस्टेल, मी दहा वर्षांची आहे. तुमचं पुस्तक मी लायब्ररीतून तीनदा आणलं. त्यात दोन ग्रहांची अदलाबदल झाली आहे. राग मानू नका. राणीच्या बागेत प्रत्येक प्रकरणात कबुतरं आहेत आणि कबुतरं शुक्राची असतात, हे मी आमच्या शाळेच्या कोशात पाहिलं. तुम्ही कबुतरं बघितली नाहीत का? तुमची, ब्राइओनी हेसलडेन.'

"कबुतरं?" विनिफ्रेड इतक्या मोठ्याने किंचाळली की वाचनकक्षातली सगळी डोकी वर झाली. "कुठली कबुतरं? थिओ, 'राणीची बाग' दे इकडे! लवकर!"

ती उभ्यानेच पानं उलटू लागली. पहिलं प्रकरण, दुसरं, तिसरं. बोट ओळींवरून सरकत होतं, थांबत होतं, आणि ती प्रत्येक वेळी आनंदाने हुंकार देत होती. सव्वीस वर्षं ती हे पुस्तक वाचत होती आणि ही कबुतरं तिला आज पहिल्यांदा दिसत होती.

"प्रत्येक प्रकरणात आहेत गं!" ती म्हणाली. "पाद्रीसाहेबांना फोन लाव. सांग, एका मुलीला पत्र लिहायचंय म्हणून."